सुम्म

हॉस्पिटलात दीपश्रीला तिच्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. डॉक्टर तिला ‘रॅपिड सिस्टर’ म्हणत आणि आया, सफाईवाले, लिफ्टवर बसणारा धोंडिबा, हे सगळे ‘ओडो अक्का’ म्हणत. ओडो म्हणजे धावणारी. नाव ठेवणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. हुबळीच्या विद्यानगरातल्या त्या सहा मजली हॉस्पिटलात वॉर्डातला एखादा पेशंट बिघडायला लागला, की तिथल्या सिस्टरनं एकच नंबर फिरवायचा आणि दीपश्रीनं पाठीवरची निळी बॅग सावरत पाच मिनिटांच्या आत त्या खाटेपाशी पोचायचं. हृदय बंद पडल्यावर धावणारे वेगळे. हिनं त्याच्या आधी धावायचं. माणूस अजून बोलतोय, चहा मागतोय, सुनेच्या तक्रारी सांगतोय, पण आतून घसरायला लागलाय, ही घसरण ओळखायची आणि थोपवायची, एवढं तिचं काम. त्यात ती तयार होती. तिच्या हाताला यश आहे असं लोक म्हणायचे, आणि लोक एकदा म्हणायला लागले की खोटं असलं तरी खरं होतं.

आठ महिन्यांपूर्वी तिच्या हातून एक माणूस गेला होता. हे मात्र लोकांना ठाऊक नव्हतं.

मुकुंदराव केलगेरीचे. कोर्टातून शिरस्तेदार म्हणून रिटायर झालेले, छातीचा जुना विकार, आणि बोलायला बसले की समोरच्याचा चहा गार करणारे. तिसऱ्या मजल्यावर चौदा नंबरच्या खाटेवर होते. त्या दुपारी श्वास कमी पडून ते भ्रमिष्टासारखं करायला लागले, नळ्या ओढायला लागले, म्हणून दीपश्रीला बोलावणं आलं. तिनं ऑक्सिजन लावला, डॉक्टरांना विचारून औषधं दिली आणि जाताना सांगून गेली, काही बदललं तर लगेच कळवा. चार वाजून वीस मिनिटांनी तिचा फोन वाजला तेव्हा ती पाचव्या मजल्यावर एका बाळंतिणीपाशी होती आणि बाळंतिणीचं रक्त थांबत नव्हतं. फोनवर तिसऱ्या मजल्याची आया भाग्यलक्ष्मी होती.

‘अक्का, अज्जार सुम्म आग्यार नोड्री.’

आजोबा सुम्म झालेत. सुम्म म्हणजे गप्प, हे हुबळीत शेंबडं पोरही सांगेल, मग ते मराठी असो की कन्नड. पण शब्दालाही माहेर असतं. दीपश्री वाढली दाजीबानपेठेत, कापडाच्या दुकानावरच्या माडीत, आणि तिथे हा शब्द पाळण्यापाशीच ऐकू यायचा. तास तास किंचाळून पोर एकदाचं निजलं, की आई पदरानं गळा पुसत म्हणायची, ‘सुम्म झालं गं बाई.’ म्हणजे सुटलो, आता भाकऱ्या करायला मोकळे.

‘छलो आत बिडु,’ दीपश्री म्हणाली. ‘मलगली. एब्बसब्याड.’

बरं झालं, झोपू देत, उठवू नको. आणि फोन खिशात टाकून ती बाळंतिणीकडे वळली. बाळंतीण वाचली. दीपश्री तिसऱ्या मजल्यावर उतरली तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. मुकुंदराव गप्प होते खरे, पण झोपलेले नव्हते. बाहेर टाकायची हवा छातीतच साचत गेली, की असला पेशंट तडफडायचा थांबतो, शांत होत जातो, आणि तो शांतपणा म्हणजेच शेवटची पायरी असते. हे तिला कुणी परीक्षेत विचारलं असतं तर तिनं डोळे मिटून सांगितलं असतं.

वहीत तिनं लिहून ठेवलं होतं: ‘४.२०, खाट १४, वॉर्डचा निरोप, पेशंट शांत.’ चौकशी करणाऱ्यांनी वही पाहिली, तक्ते पाहिले, फुप्फुसंच गेलेली होती म्हणाले, कुणाचा दोष नाही म्हणाले. मग नर्सेसच्या खोलीत एक मोठं रंगीत पोस्टर लागलं, पेशंटमधले धोक्याचे बदल कसे ओळखाल म्हणून. बैल गेला आणि झोपा केला, त्यातला प्रकार. पोस्टरावर चौथ्या ओळीत लिहिलं होतं, ‘अचानक आलेली शांतता.’ दीपश्री त्या भिंतीकडे पाठ करून डबा खायची.

तेव्हापासून शांतता तिच्या मागे लागली. सकाळी धारवाडकडे जाणाऱ्या चिगरी बसमध्ये कुणी खिडकीला डोकं टेकून झोपलं असलं, की ती त्याच्या छातीकडे बघत श्वास मोजायची आणि त्यापायी दोनदा स्वतःचा स्टॉप चुकली. रविवारी दुपारी नवरा जेवून लवंडला की तिचा हात आपोआप त्याच्या नाकाशी जायचा. ‘अगं, जिवंत आहे मी,’ तो डोळे न उघडता म्हणायचा. सुरुवातीला तो हसून म्हणायचा, हल्ली हसत नव्हता. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं, हे खरं. पण हिनं पाणीसुद्धा फुंकायला सुरुवात केली होती.

त्यात तो मुका फोन. तिसऱ्या मजल्याच्या काउंटरवरून तिच्या मोबाइलवर कधीमधी रिंग यायची आणि पलीकडे कुणी नसायचं. नुसती पोकळी. ती धावत वर जायची तर वॉर्डातल्या पोरी चकित होऊन विचारायच्या, ‘आम्ही कुठे फोन केला?’ टेलिफोनची कामं बघणारा महादेव म्हणाला, वायर जुनी आहे, उंदरानं कुरतडलीय, आपसूक लागतो. वायरनं आपसूक लागायला दुपारी चार ते साडेचारचीच वेळ का धरावी, हे तिनं त्याला विचारलं नाही. ती दर वेळी जायची, एकेक खाट बघायची, आणि चौदा नंबरची सगळ्यात शेवटी. खाटेवर दुसराच कुणीतरी मोसंबी सोलत बसलेला असायचा. वॉर्डप्रमुख अश्विनी एकदा तिला म्हणाली, ‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय!’ तीही हसली. राक्षस आहे हे तिनं सांगितलं नाही.

आणि मग एका बुधवारी, ज्यांच्यावर लक्ष ठेवायचं त्या पेशंटांच्या यादीत तिला नाव दिसलं: खाट १४, इंदुमती, वय ६८, न्यूमोनिया. पत्त्याच्या जागी केलगेरी, धारवाड.

मुकुंदरावांच्या पत्नी. वॉर्डात दुसऱ्या चार खाटा रिकाम्या होत्या, खिडकीजवळचीही होती. बाईंनी चौदा मागून घेतली, असं अश्विनीनं सांगितलं. ‘आणि आल्यापासून आमची शाळा घेतायत. मराठी शाळेत बाई होत्या म्हणे. तोंड उघडायची सोय नाही बघ.’

दीपश्री खाटेशी गेली. नाकाला नळी लावून, पांढरे केस घट्ट बांधून एक किडकिडीत बाई ताठ बसल्या होत्या.

‘नमस्कार बाई. तुमचं ऑक्सिजन बघायला आलेय.’

‘तुमचा,’ बाई म्हणाल्या. ‘तो ऑक्सिजन.’

‘बघते हं. पंच्याण्णव. छान आहे की. रक्त तपासायला घेतलंय ना काल? आज परत एकदा काढून घ्यालते.’

‘घ्यालते!’ बाईंनी कपाळाला हात लावला. ‘घेते म्हण. कुठल्या शाळेतली तू?’ मग चष्मा सरळ करून त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. ‘ह्यांच्या वेळी तूच होतीस ना? छातीवर दाबत होतीस. सगळे थांबले तरी तू थांबत नव्हतीस. मी पाहिलंय.’

दीपश्री हो म्हणाली. बाईंच्या चेहऱ्यावर चक्क माया दिसत होती, आणि तेच तिला सोसवेना.

विषय बदलायचा म्हणून तिनं मास्कचा विषय काढला. बाईंची फुप्फुसं आधीपासून कमजोर, त्यात न्यूमोनिया. तोंडावर घट्ट बसणारा मास्क लावून मशीननं श्वास ढकलावा लागेल, असं डॉक्टर शेषगिरी म्हणाले होते. आज नाही तर उद्या लागेलच, म्हणाले होते. बाईंनी नकार लिहून दिला होता, वळणदार अक्षरात, एकही खाडाखोड न करता.

‘लावून घ्या की बाई. दोन दिवसांचा प्रश्न आहे.’

‘नको.’

‘का पण?’

बाई बोलल्या ते तुटक तुटक, मध्ये श्वास घेत.

‘तीस वर्षं मराठी शिकवलं मी धारवाडात. आमची पोरं कशी लिहायची माहीत आहे? तो सुम्म बसला, ती सुम्म झाली. दर वहीत लाल पेनानं काट मारायची मी. गप्प लिही, शांत लिही, निमूट लिही, मराठीत काय शब्दांचा दुष्काळ पडलाय? पोरं मागून मला सुम्मबाई म्हणायची. कळायचं मला.’ त्या किंचित हसल्या. ‘त्या दिवशी हे बोलायचे थांबले. चव्वेचाळीस वर्षांत हे गप्प असे बसलेच नव्हते. झोपेतसुद्धा साक्षीदार पुकारायचे. मी तशीच उठले. बाहेर आले तर ती भाग्यलक्ष्मी समोर. तिला चटकन कळावं म्हणून तिचाच शब्द घेतला. हे सुम्म झालेत गं, त्या सिस्टरला सांग. तिनं सांगितलं. वरून निरोप आला, झोपू देत, उठवू नका.’

दीपश्रीनं खाटेची कड धरली.

‘आता कोण कुठली सिस्टर, तिचा काय दोष? तिच्यापर्यंत शब्दच तसला गेला. ओ देत नाहीत म्हणायला हवं होतं. नजर ओळखीची नाही म्हणायला हवं होतं. मला काय शब्द येत नव्हते? आणि वर मी पाऊण तास त्यांच्या झोपेची राखण केली. एक मुलगी बीपी बघायला आली, तिला मीच परत पाठवली. आत्ता डोळा लागलाय म्हटलं.’ त्यांनी नाकातली नळी सारखी केली. ‘ह्यांना न मिळालेला तो मास्क मी आता कुठल्या तोंडानं लावून घेऊ, सांग मला.’

तीन शब्दांचं काम होतं. ती सिस्टर मी. दीपश्रीनं ते जिभेवर आणलेही. मग तिला चौकशीचे कागद दिसले, नवऱ्याचा चेहरा दिसला, ओडो अक्का म्हणून हात जोडणारा धोंडिबा दिसला, आणि ती म्हणाली, ‘असं काही मनात आणू नका बाई,’ आणि बॅग उचलून चालती झाली. याला भेकडपणा म्हणतात. मराठीत याच्यासाठी शब्दांचा दुष्काळ नाही आणि दीपश्रीला त्यातले बरेचसे येत होते. लिफ्टमध्ये तिनं ते सगळे स्वतःला लावून पाहिले.

संध्याकाळी ती माहेरी गेली. दाजीबानपेठेत दुकानं भरात होती, खाली भाऊ गिऱ्हाइकांपुढे कापडाचे ठाण उलगडत होता. जिन्यातच आईनं ओठांवर बोट ठेवलं. ‘हळू ये. आत्ता सुम्म झालाय बाबा एकदाचा.’

भावाचं चार महिन्यांचं पोर पाळण्यात पडलं होतं. दीपश्री वाकली. तिला त्याचं पोट हलताना दिसेना. खोलीत उजेड कमी होता, अंगावर दुपटं होतं, हे सगळं तिला कळत होतं, तरी तिनं पोराला उचलून हलवलं. पोरानं असा टाहो फोडला की खालून भाऊ धावत वर आला.

‘वेड लागलंय का तुला?’ आई ओरडली. पोर घशाच्या शिरा ताणून रडत होतं, लालबुंद झालं होतं, आणि दीपश्री ते छातीशी धरून म्हणत होती, ‘रड बाळा. रड.’ आईनं मग पोर काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, दुपारी चार वाजून अठरा मिनिटांनी ती तळमजल्यावर बॅगेतल्या औषधांच्या तारखा तपासत होती तेव्हा फोन वाजला. तिसरा मजला.

‘हॅलो?’

कुणी नाही.

‘हॅलो, कोण बोलतंय?’

एरवी त्या पोकळीत बारीकशी खरखर असायची. आज तीही नव्हती. पलीकडे कुणीतरी फोन कानाला लावून, श्वास न घेता उभं आहे, असं तिला वाटलं. तिनं बॅग पाठीवर टाकली. लिफ्टची वाट न बघता ती जिन्यानं धावली.

काउंटरवर अश्विनी चहा पीत होती. ‘आम्ही नाही गं केला,’ ती आधीच म्हणाली. ‘तुझा ब्रह्मराक्षस असेल.’

‘चौदा कशा आहेत?’

‘एकदम मस्त. सकाळपासून एका शब्दानं बोलल्या नाहीत. कुणाची चूक काढली नाही, काही नाही. आमच्या कानांना जरा विसावा.’ अश्विनीनं तक्ता पुढे केला. ऑक्सिजन चौऱ्याण्णव. नाडी ठीक. श्वास वीस. सकाळी सहाला वीस, दहाला वीस, दोनला वीस. हॉस्पिटलातला प्रत्येक माणूस मिनिटाला वीस श्वास घेतो, कारण ते पूर्ण मिनिटभर मोजायचा सगळ्यांनाच कंटाळा असतो. मुकुंदरावांच्या तक्त्यावरही शेवटपर्यंत वीसच होते.

बाई उशीला टेकून पडल्या होत्या. चष्मा छातीवर घसरला होता. डोळे अर्धवट मिटलेले, गालांवर गुलाबी झाक. दुरून पाहणाऱ्यानं म्हटलं असतं, किती शांत झोपल्यात.

‘बाई,’ दीपश्री म्हणाली, आणि मुद्दाम म्हणाली, ‘तुमचं ऑक्सिजन चांगली आहे.’

काही नाही.

‘बाई, मी तुमचं नाडी बघालते.’

पापणीसुद्धा हलली नाही. दीपश्रीनं त्यांच्या कानाशी तोंड नेलं. ‘बाई, असं सुम्म का पडलात?’

तीस वर्षं वह्या लाल करणाऱ्या बाईंनी तो शब्द तसाच जाऊ दिला. दीपश्रीनं मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बाईंच्या छातीवर हात ठेवला आणि पूर्ण मिनिट मोजलं. नऊ.

मग मात्र तिचे हात तिच्या मनाची वाट बघत थांबले नाहीत. डॉक्टर शेषगिरी चार मिनिटांत आले. मनगटातलं रक्त तपासायला गेलं आणि त्याचा आकडा आला तो ऐकून अश्विनीनं चहाचा कप कुठे ठेवला ते तिला नंतर आठवेना. छातीत हवा साचत चालली होती. मास्क आत्ताच्या आत्ता लावायला हवा होता. बेंगळुरात असलेल्या मुलाला, श्रीनिधीला, फोन लागला. तो रडत म्हणाला, ‘आईचं ऐकू नका, काय लागेल ते लावा.’ मशीन ढकलत आणलं गेलं, ते भसाभसा हवा सोडायला लागलं, आणि दीपश्रीनं मास्क बाईंच्या तोंडावर बसवला.

बाईंचा हात वर आला आणि त्यानं मास्क ओढून काढला. इतकी शुद्ध कुठून आली कुणास ठाऊक. पुन्हा बसवला, पुन्हा काढला. दुसऱ्यांदा काढताना ओठ हलले, ‘नको.’

‘आणखी एकदा बघू,’ डॉक्टर हळूच म्हणाले. ‘नाहीतर घशातून नळी घालावी लागेल. आणि या फुप्फुसांत नळी गेली तर ती परत निघेल असं मी त्यांच्या मुलाला सांगू शकणार नाही.’

दीपश्री खाटेवर ओणवी झाली. ‘बाई, ती सिस्टर मी.’

मशीनच्या आवाजात ते तिला स्वतःलाही ऐकू आलं नाही. म्हणजे मोठ्यानं बोलणं आलं. भेटायची वेळ होती, वॉर्ड नातेवाइकांनी भरला होता, सगळ्यांची तोंडं इकडेच होती.

‘बाई!’ ती ओरडली. ‘त्या दिवशी वरून निरोप आला तो माझा! झोपू देत, उठवू नका म्हणणारी मी! तुमचा शब्द चुकला नव्हता. तुम्ही सांगितलंत, ते माझ्यापर्यंत पोचलं. मी ऐकलं आणि मी आले नाही. ऐकायला मी चुकले, बाई. तुम्ही नाही. मी!’

बाईंचे पाय धरून उभ्या असलेल्या भाग्यलक्ष्मीनं पदर तोंडात कोंबला. निरोप तिनंच नेला होता आणि तिनंच आणला होता. भाग्यलक्ष्मीनं आठ महिने कसे काढले असतील, हे दीपश्रीच्या डोक्यात त्या क्षणापर्यंत आलंच नव्हतं.

बाईंचे डोळे उघडले. आधी ते वर छताकडे भटकले, मग दीपश्रीच्या चेहऱ्यावर येऊन ठरले. दीपश्रीनं मास्क पुन्हा बसवला. बाईंचा हात उचलला गेला. मास्कपाशी आला. मास्क ओलांडून पुढे आला आणि त्यानं दीपश्रीचं मनगट पकडलं, नखं रुतवून, रक्त येईल इतकं घट्ट. आणि तिथेच राहिला.

‘राहू दे,’ डॉक्टर म्हणाले. ‘असंच राहू दे. चला.’

धोंडिबानं लिफ्ट धरून ठेवली होती. आयसीयूपर्यंत दीपश्री खाटेच्या बरोबरीनं तिरकी तिरकी धावत गेली, कारण बाई मनगट सोडत नव्हत्या.

त्या संध्याकाळी तिनं वहीत नवी नोंद केली. जुनी तिनं खोडली नाही, ती तशीच राहू दिली. आजची तारीख घालून लिहिलं, की अमुक दिवशी चार वीसला निरोप आला होता, त्याचा अर्थ मी चुकीचा घेतला, जाऊन पाहिलं नाही. मेट्रन कुसुमावतींनी ते दोनदा वाचलं.

‘कशाला गं हे? झालं गेलं. झाकली मूठ राहू द्यायची.’

‘मूठ उघडून झाली, मॅडम. सगळ्या वॉर्डानं ऐकलंय.’

‘मला हे वर द्यावं लागेल. माहीत आहे ना?’

‘द्या,’ दीपश्री म्हणाली. तिला फार भीती वाटत होती. पण ती भीती दिवसाढवळ्याची होती, समोरून येणारी. आठ महिन्यांत तशी भीती तिला वाटली नव्हती.

शनिवारी सकाळी अकराला ती आयसीयूत गेली. वरून अजून काही कळलं नव्हतं. बाईंचा मास्क अर्ध्या तासासाठी काढला होता, नाकावर त्याचा लाल वळ उठला होता. केस कुणीतरी घट्ट बांधून दिले होते. बाईंनी तिला येताना पाहिलं आणि बघत राहिल्या. बोलल्या नाहीत. एक मिनिट गेलं, दोन गेली. दीपश्रीच्या मनगटावर चार नखांचे चार चंद्र होते, ती त्यांच्यावरून बोट फिरवत उभी राहिली. ही शांतता कुठली, हे तिला ओळखता येईना.

‘बाई,’ ती शेवटी म्हणाली, ‘अशा सुम्म बसू नका हो. शिव्या द्या. काहीतरी बोला.’

‘गप्प,’ बाई म्हणाल्या. आवाज घोगरा, पार बसलेला.

आपल्याला तोंड मिटायला सांगितलं असं वाटून दीपश्रीनं मान खाली घातली.

‘गप्प बसू नका, म्हणावं,’ बाई म्हणाल्या.

दीपश्रीला हसू आलं की रडू, तिचं तिलाच कळलं नाही. तिनं वाक्य पुन्हा म्हटलं, शाळेत म्हणतात तसं, सगळं नीट. ‘बाई, गप्प बसू नका.’

‘हं.’ बाईंनी दम घेतला. ‘क्षमा केली असं मी म्हणणार नाही. नाही केलेली.’

‘नका म्हणू.’

‘ह्यांचा चष्मा अजून खिडकीत आहे. मी रोज पुसते.’ बाईंचे डोळे भरले, पण नजर हलली नाही. ‘आठ महिने मी स्वतःला खात होते. आता तुझं तू घे. मला म्हातारीला दोघींचं झेपायचं नाही.’

‘घेते, बाई.’

आयसीयूतली नवी मुलगी येऊन तक्त्यावर आकडे लिहून गेली. बाईंनी बोटानं खूण करून तक्ता मागवला, डोळ्यांजवळ धरला आणि दीपश्रीपुढे केला.

‘वीस लिहिलंय तिनं. मोजले नाहीत. मी बघत होते.’

दीपश्रीनं मनगट वळवून घड्याळ समोर धरलं.

‘मोठ्यानं मोज,’ बाई म्हणाल्या. ‘ह्यांचे कुणी मोजले नाहीत.’

दीपश्रीनं काटा बारावर यायची वाट पाहिली आणि सुरुवात केली. एक. दोन. तीन. शेजारच्या खाटेवरचा माणूस मान वळवून बघायला लागला. अकराव्या श्वासाला तिचा आवाज फुटला, पण मिनिट पुरं व्हायचं होतं, आणि बाई तिच्या तोंडाकडे बघत श्वास घेत होत्या.